वासेच उरले नाहीत, तरी वाळवीचा हप्ता चालू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कौलारू घराला वाळवी लागली की काय होते, हे गोव्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या भिंती चिऱ्यांच्या आणि वासे फणसाचे व मत्तीचे होते. म्हणून जून 2022 मध्ये मी एका खासगी कंपनीशी वाळवीप्रतिबंधक सेवेचा करार केला. भिंतीच्या कडेने एकेक फुटावर भोके पाडून औषध सोडायचे, वाशांवर फवारणी करायची आणि दर तीन महिन्यांनी माणूस पाठवून पाहणी करायची, असे काम ठरले होते. त्याचे 1,500 रुपये व त्यावर 18 टक्के जीएसटी, असे एकूण 1,770 रुपये दर तिमाहीस माझ्या बँक खात्यातून परस्पर वळते होत. पहिली दोन वर्षे काम बरे झाले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते.

मे 2024 मध्ये, पाऊस सुरू होण्याआधी, आम्ही छप्पर उतरवले. जुनी पोखर फार खोलवर गेली होती, त्यामुळे वासे, रिपा आणि भाल काढून लोखंडी पाइप बसवले आणि कौले परत चढवली. लाकडाच्या म्हणून दारांच्या चार चौकटी उरल्या. त्यांच्यासाठी वर्षाला सात हजारांहून अधिक रुपये मोजण्यात अर्थ नव्हता. करारात तीस दिवसांच्या लेखी सूचनेने तो रद्द करण्याची तरतूद होती. त्यानुसार 10 जून 2024 रोजी मी रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले, त्याचीच प्रत ईमेलने पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली. जूनचा हप्ता आदल्याच आठवड्यात गेला होता. तो सूचनेच्या मुदतीत येत असल्याने त्याबद्दल माझी तक्रार नाही.

त्यानंतर 5 सप्टेंबरला पुन्हा 1,770 रुपये गेले. चवथ दोन दिवसांवर आली होती, घरात माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाची जमवाजमव चालू होती, आणि बँकेचा संदेश वाचूनही मी तो शेवटचा राहिलेला हिशेब असावा असे समजले, ही माझी चूक. डिसेंबरमध्ये पैसे गेले तेव्हा मी कस्टमर केअरला फोन केला. करार रद्द करण्याचे काम 'वेगळ्या विभागाकडे' आहे, असे सांगून फोन त्या विभागाकडे जोडण्यात आला, आणि तिथल्या बाईंनी मला रद्द करण्याऐवजी सहा महिन्यांची सवलत देऊ केली. मी ती नाकारली, तेव्हा 'विनंती नोंदवली आहे' असे उत्तर मिळाले. मार्च 2025 मध्ये तिसऱ्यांदा हप्ता कापला गेला. एकूण 5,310 रुपये.

रकमेपेक्षा मला जास्त खटकले ते कंपनीचे स्पष्टीकरण. माझ्या ईमेलला आलेल्या उत्तरात म्हटले होते की, नोव्हेंबर 2024 मध्ये 'वासे व भाल यांवर फवारणी करण्यात आली' असा सेवा-अहवाल त्यांच्याकडे आहे, आणि सेवा दिली गेल्यामुळे बिल योग्य आहे. अहवालाची प्रत सोबत होती. ग्राहकाच्या सहीच्या जागी 'ग्राहक घरी नव्हता' असे लिहिलेले होते. ग्राहक घरी नव्हता हे खरेच होते, कारण चवथीनंतर ते घर कुलूपबंद असते आणि किल्ली म्हापशात माझ्याकडे असते. ज्या वाशांना औषध मारल्याचे लिहिले होते, ते तर मे महिन्यातच उतरवून झाले होते. पूर्वी आमच्याकडे येणारा स्थानिक कामगार भेटला तेव्हा मी त्याला विचारले. तो बिचारा एवढेच म्हणाला, "बाय, आमच्या हातांत कांयच ना."

यानंतर मी बँकेत गेले. माझ्याच खात्यातून पैसे देण्याची संमती मी मागे घेते आहे, असा लेखी अर्ज दिल्यावर काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मला कंपनीचे ना हरकत पत्र आणायला सांगितले. म्हणजे जो पैसे ओढतो आहे, त्याचीच परवानगी काढायची! कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2021 पासून नियम कडक केले आहेत. त्यानुसार पैसे जाण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना मिळाली पाहिजे आणि दिलेली संमती त्याला केव्हाही मागे घेता आली पाहिजे. पण मी सही केली होती ती कागदी एनएसीएच मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ते परस्पर वळते करण्याची परवानगी बँकेला देणाऱ्या अर्जावर, आणि ती नियमावली कार्ड, वॉलेट व यूपीआयपुरतीच आहे. खेड्यापाड्यातल्या ज्येष्ठ नागरिकांकडून असेच कागदी अर्ज भरून घेतले जातात, त्यामुळे ज्यांना संरक्षणाची गरज अधिक त्यांनाच ते कमी मिळते. या अर्जात कमाल रक्कम आणि अंतिम तारीख अशा दोन चौकटी असतात. माझ्या अर्जातल्या त्या दोन्ही चौकटी विक्रेत्याने नंतर भरल्या, आणि कमाल रक्कम दहा हजार लिहिली. मी कोरा अर्ज त्याच्या हाती दिला, याचा दोष मी स्वतःकडे घेते. शेवटी शाखा व्यवस्थापकांना भेटल्यावर मँडेट बंद झाले.

मँडेट बंद होताच बिलाचे रूपांतर थकबाकीत झाले. जून 2025 चे 1,770 आणि हप्ता परत गेल्याचे 590, असे 2,360 रुपये भरण्याची मागणी आली, आणि पाठोपाठ मुंबईच्या एका वकिलांची नोटीस. तीत पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 चा हवाला देऊन दोन वर्षांच्या तुरुंगवासाची भीती घातली होती. हे कलम मी मुद्दाम वाचून काढले. कायदेशीर देणे फेडण्यासाठी दिलेला इलेक्ट्रॉनिक हप्ता खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर ते लागू होते. माझ्या खात्यात शिल्लक होती आणि करार वर्षभरापूर्वी संपलेला असल्यामुळे देणे मुळी नव्हतेच. मात्र अशी नोटीस हाती पडल्यावर कलम शोधत बसणारे थोडे आणि निमूट पैसे भरणारे अधिक, हे नोटीस पाठवणाऱ्यांनाही ठाऊक असते. आमच्या शेजारच्या आजोबांनी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या देखभाल कराराचे पैसे, यंत्र भंगारात गेल्यावरही, याच भीतीने भरले.

कंपनीचा आणखी एक दावा असा की, 'आपण नूतनीकरणास हरकत घेतली नाही, म्हणून करार आपोआप पुढे चालू राहिला.' हरकत मी लेखी घेतली होती, हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला, तरी 1872 च्या भारतीय करार कायद्यात प्रस्ताव मान्य झाला असे तेव्हाच म्हणतात, जेव्हा समोरचा माणूस आपली संमती व्यक्त करतो. गप्प बसलेल्याला होकार दिला असे धरण्याची मुभा विक्रेत्याला कोणी दिली? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ज्या तेरा फसव्या पद्धती नोंदवून त्यांना मनाई केली, त्यांत वर्गणी रद्द करणे अशक्य किंवा विनाकारण किचकट करून ठेवण्याचा उल्लेख स्पष्ट आहे. या कंपनीच्या ॲपवर नूतनीकरणाचे बटण पहिल्याच पानावर आहे. रद्द करण्याचे मला शोधूनही सापडले नाही.

मी आता उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे, त्यामुळे येथे कंपनीचे नाव घेत नाही. कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'सर्व वाद मुंबईच्या न्यायालयांच्या कक्षेत' असे छापलेले आहे, आणि ते वाचून मीही काही दिवस हातपाय गाळले होते. परंतु 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगाकडे जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आयोगाकडे जाण्यापूर्वी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझ्या बाबतीत तिथून कंपनीला विचारणा झाली, पण कंपनीने तोच सेवा-अहवाल पुन्हा पाठवला.

आपल्या दैनिकामार्फत माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली रिझर्व्ह बँकेकडे: कार्ड आणि यूपीआयला जे नियम आहेत तेच कागदी मँडेटलाही लावावेत, आणि खातेदाराने संमती मागे घेतल्यावर कंपनीचे पत्र मागण्यास शाखांना मनाई करावी. दुसरी राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे: घरी येऊन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकाची किंवा घरातल्या कोणाची सही नसलेल्या भेटीचे बिल लावू नये, यासाठी पाठपुरावा करावा. सेवा दिली हे सिद्ध करण्याची जबाबदारी बिल लावणाऱ्याची असली पाहिजे. आज सेवा मिळालीच नाही हे सिद्ध करण्यासाठी मला उतरवलेल्या छपराचे फोटो, सुताराची पावती आणि लोखंडी पाइपांचे बिल आयोगापुढे मांडावे लागते आहे.

माझे 5,310 रुपये परत मिळतील अशी मला आशा आहे. त्याहून अधिक कुतूहल मला आहे ते नोव्हेंबर 2024 मध्ये कुलूपबंद घरात शिरून, नसलेल्या वाशांना औषध मारणारा तो कामगार कोण होता याचे. सुनावणीत मी तोच प्रश्न पहिला विचारणार आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, म्हापसा