गॅस की वीज, त्याआधी जागा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतला घरी बिअर करण्यावरचा लेख वाचला, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट सगळं मस्त सोपं करून सांगितलंय, पण उकळायचं कशावर हा मुद्दा आला आणि प्रोपेन घ्या नाहीतर इलेक्ट्रिक घ्या, ज्याची त्याची आवड, असं म्हणून दोन ओळीत विषय गुंडाळला. ते काही पटलं नाही म्हणून हे पत्र. आवडनिवड नंतर हो, आधी बघायचं की तुम्ही हा उद्योग करणार कुठे, घरात का उघड्यावर. (आणि आपल्याकडचा कायदा घरी बिअर करू देतो का, तेही आधीच बघून ठेवा.)

मी स्वतः सुरुवातीला गॅसवालाच. मोठा बर्नर, वर मोठं पातेलं, मोकळ्यावर काम, आवाज असा की शेजारचा माणूस काय बोलतोय ऐकू येत नाही, पण पाणी तापतं झपाट्याने. एकदा बाहेर पाऊस होता म्हणून सगळं गॅरेजमध्ये घेतलं, शटर अर्धं उघडं ठेवलं, म्हटलं हवा येतेय की. तासाभराने डोकं जड झालं, मला वाटलं सकाळपासून उपाशी आहोत म्हणून असेल, बाहेर येऊन दहा मिनिटं बसलो तेव्हा बरं वाटलं आणि मग ट्यूब पेटली. कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंदिस्त जागेत गॅस अर्धवट जळला की तयार होणारा विषारी वायू. गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम घाण वास मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, कळणार कसं? त्यात प्रोपेन हवेपेक्षा साधारण दीडपट जड, म्हणजे गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, तळघरात तर विचारूच नका. खिडकी उघडली की झालं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तो बर्नर बाहेरचा तो बाहेरच.

अजून एक, हॉप्स टाकले की वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी जे आपण उकळतो, दुधासारखा भसकन वर येतो. उतू जाऊन ज्योत विझली तर साध्या बर्नरचा गॅस तसाच चालू राहतो, म्हणून उकळी येताना तिथून हलायचं नाही, फोन आला तरी नाही. आणि मोठ्या आचेवर बराच वेळ गॅस ओढला की सिलिंडर स्वतःच गार पडतो, बाहेरून बर्फ धरतो, आतलं प्रेशर उतरतं आणि नेमकं गरजेच्या वेळी आच मंद होते.

आता वीज. इथे लोक आधी कळस मग पाया करतात, किट आधी घेतात आणि वायरिंग नंतर बघतात. हिशेब सोपा आहे, २५ लिटर पाणी २० अंशावरून १०० वर न्यायला साधारण २.३ युनिट लागतात. १५०० वॅटच्या शेगडीला नुसत्या कागदावरच दीड तास, प्रत्यक्षात त्याहून जास्त, आणि एवढं करून खळखळून उकळी येईलच असं नाही. ३००० वॅटला पाऊण तासाच्या वर थोडं, ५५०० वॅटला २५ मिनिटांच्या आसपास. इलेक्ट्रिक पातेल्यात एलिमेंट द्रवातच बुडालेलं असल्यामुळे जवळजवळ सगळी उष्णता आत जाते, बर्नरवर बरीचशी पातेल्याच्या कडेने हवा गरम करत निघून जाते.

पण ५५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ २४ अँपिअर. घरातला १५-१६ अँपिअरचा सॉकेट एवढं पेलत नाही, वेगळी लाइन, जाड वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) हवीच. आमच्याकडे एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारा स्विच) आहे की, असं बरेच जण म्हणतात, अहो एमसीबी वायर वाचवते, माणूस वाचवते आरसीसीबी. ओले हात, ओली फरशी, पाण्यात एलिमेंट, अजून काय सांगू. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, व्हिडिओ बघून नाही. आणि १२० व्होल्टच्या देशात कोणी २४० चं एलिमेंट लावलं तर ते निम्मी नाही, चौथाईच ताकद देतं, ५५०० चं १४०० च्या आसपास, मग म्हणतात इलेक्ट्रिक स्लो आहे.

एलिमेंट लांब आणि कमी वॅट डेन्सिटीचं, म्हणजे उष्णता जास्त पृष्ठभागावर पसरणारं घ्या, नाहीतर वर्ट त्याला चिकटून करपतो आणि ती जळकी चव शेवटपर्यंत जात नाही. कोरडं असताना चालू केलं तर एलिमेंट गेलंच, मी एक घालवलंय.

इलेक्ट्रिकची खरी मजा मॅशमध्ये, म्हणजे उकळीच्या आधी माल्ट गरम पाण्यात भिजवून ठेवतो तेव्हा. ६५ अंश म्हणजे ६५, कंट्रोलरला सांगितलं की पंप फिरत राहतो आणि तापमान हलत नाही. ६५ ला बिअर जास्त कोरडी होते, ६८ ला अंगाने भरीव, गॅसवर हे तीन अंश सांभाळायचे म्हणजे सारखं नॉब वर खाली.

मात्र घरात केलं म्हणजे वाफ घरातच. तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटर पाणी सहज उडतं आणि झाकण लावूनही चालत नाही, कारण उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं डीएमएस (माल्टमधून येणारं गंधकाचं संयुग) वाफेबरोबर बाहेर जायला हवं. चांगला एक्झॉस्ट नसेल तर भिंती ओल्या आणि मग बुरशी. लेखात याचा उल्लेखसुद्धा नाही.

चवीबद्दल विचाराल तर मला तरी दोन्हींत काही फरक जाणवला नाही. आता मी घरात इलेक्ट्रिकवरच करतो, बर्नर मात्र विकलेला नाही. मध्येच लाइट गेली तर बाहेर त्याच्यावर उरकता येईल असं आधी वाटायचं, पण एलिमेंट आणि वायर लावलेलं पातेलं ज्योतीवर ठेवता येत नाही आणि उकळतं २५ लिटर उचलून न्यायचं तर त्याहून नाही. लाइट येईपर्यंत झाकण ठेवून गप्प बसायचं, आली की झाकण काढून परत उकळी आणायची.

आपला,
एक नियमित वाचक