आतून कुणी मागितलं होतं का?

कोल्हापूर, मंगळवार पेठ

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तुमच्या फ्लॅटवर वायफाय बसलं, असं आई म्हणाली. बसवणारा पोरगा राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड 'ॲडमिन'च ठेवून गेला असणार. राजारामपुरीत दुकानांत कॅमेरे बसवायला गेलो की मला हेच सापडतं. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून बघ, नाही उघडलं तर राऊटरच्या मागच्या लेबलवर पत्ता असतो. सेटिंगचा आणि वायफायचा, दोन्ही पासवर्ड बदल. डब्ल्यूपीएस (बटण किंवा छोट्या पिनने वायफाय जोडायची सोय) बंद कर. वायफायच्या सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ दिसलं तर ते निवड, नाहीतर डब्ल्यूपीए२. एवढं आजच करून टाक.

आता मुद्द्याचं. तो १९२.१६८ वाला पत्ता आपल्या घरीही आहे आणि तुमच्याकडेही, तरी टक्कर होत नाही, कारण तो घराबाहेर चालतच नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते (इंटरनेटवरचे आकडी पत्ते) ३२ बिटांचे, सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. जगात माणसंच त्याहून जास्त, फोन-टीव्ही-कॅमेरे तर सोडाच. म्हणून घरातल्या सगळ्यांना मिळून बाहेर एकच पत्ता (कधी तोही इंटरनेट कंपनी बऱ्याच घरांत मिळून देते), आणि कुणी काय मागवलं ते राऊटर एका तक्त्यात टिपून ठेवतो. तू एखादी साइट मागितलीस की नोंद होते, उत्तर आलं की नोंद बघून ते तुझ्या लॅपटॉपकडे जातं. जे आतून कुणी मागितलंच नव्हतं, ते पॅकेट (माहितीचा तुकडा) तो टाकून देतो. नव्या १२८ बिटांच्या पत्त्यांना टंचाई नाही, पण तिथेही चांगल्या राऊटरची फायरवॉल, म्हणजे आत काय येऊ द्यायचं ते ठरवणारी चौकी, हेच करते.

यातली ठगाची पंचाईत बघ. बाहेरून शिरणं अवघड, म्हणून मागणी आतून जावी लागते. लिंक तू दाबायची, एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) तू टाकायची, स्क्रीन शेअरला 'हो' तू म्हणायचं. उद्यमनगरातल्या माझ्या एका गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, तीही ओळखीच्या नंबरवरून. ती फोटो नव्हती, पीडीएफ नव्हती. एपीके होती, म्हणजे चक्क ॲप. लगीनसराईचे दिवस, असेल कुणाचं तरी म्हणून उघडली आणि परवानग्यांना 'हो, हो' करत गेला. त्यात एसएमएस वाचायचीही परवानगी होती. मग ओटीपी त्याने कुणाला सांगायची गरजच उरली नाही. राऊटर बिचारा काय करणार, त्याच्या तक्त्यात सगळं रीतसर!

ब्राउझरमधल्या कुलपावरही विसंबू नकोस. मधल्या कुणाला वाचता येत नाही, इतकाच त्याचा अर्थ. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही, आणि एचटीटीपीएसचं, म्हणजे त्या कुलपाचं, प्रमाणपत्र ठगालाही फुकट मिळतं. साइटचा पत्ता, सुरुवातीचं 'https://' सोडून, पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत घे आणि तिथून मागे वाच. बँकेचं नाव सुरुवातीला आणि शेवटी 'केवायसी-अपडेट डॉट इन' असेल, तर ती साइट बँकेची नव्हे, त्या केवायसीवाल्याची. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' पत्ते घ्यायला सांगितलं, हे मला फार पटलं. शेवट बघितला की काम झालं.

फोनवरही राऊटरचाच हिशेब लाव. पोलीस, कुरिअर, बँक, कुणीही असो, आपण विचारलं नसताना आला तर ठेवून दे आणि हवं तर त्यांचा नंबर स्वतः शोधून लाव. 'डिजिटल अटक' असलं काही कायद्यात नाही. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, म्हणून 'पैसे येतायत, पिन टाका' म्हणणारा चोरच.

तरी पैसे गेलेच, तर मी काय म्हणेन याचा विचार करत बसू नकोस. आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला, मग मला. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते.

तुझे,
पप्पा