पेस्ट कंट्रोलवाले दादा, तुमचा स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडेच राहिलाय

दादा नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जाताना तुम्हीच म्हणालात की निम्मी कामं घरमालकांकडून येतात, मी भाडेकरूच्या बाजूने बोललो हे कळलं तर फोन यायचे बंद होतील. कर्वेनगर, वन बीएचके, दुसरा मजला, ढेकूण, एवढं पुरे.

तुम्ही आलात तेव्हा आम्हाला इथे राहायला येऊन 16 दिवस झाले होते. तिसऱ्या रात्रीपासून पोराच्या अंगावर गांधी उठायला लागल्या, एका ओळीत तीन-तीन, आधी वाटलं डास, मग वाटलं पुण्याचं पाणी मानवत नसेल, डॉक्टरकडून मलम पण आणलं. मग एकदा रात्री अडीचला मोबाईलचा टॉर्च लावला तर उशीच्या शिवणीवरून एक जण निवांत चाललेला. चिरडला आणि तो वास आला ना, परभणीला आजीच्या बाजेचा वास, कितीतरी वर्षांनी, कुणी सांगायची गरजच नव्हती. आजी बाज अंगणात काढून उकळतं पाणी ओतायची आणि दिवसभर उन्हात ठेवायची. आता हा मालकाचा प्लायवूडचा बॉक्स बेड, डोक्याकडची फळी भिंतीला स्क्रूने पक्की केलेली, हा कुठल्या अंगणात नेऊ?

ओनर काकांना फोटो टाकले. उत्तर आलं की आमच्याकडे कधीच नव्हते, फ्लॅट दोन महिने बंद होता, नवीन रंग दिलाय, तुम्ही गावाकडून ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत गाद्या आणल्यात त्यातून आले असणार, तुमच्या खर्चाने करा आणि बेड खराब झाला तर डिपॉझिटमधून कापीन. खरं सांगू का, मला पैशांपेक्षा ते "गावाकडून" लागलं. आणि वाईट म्हणजे मलाच खरं वाटायला लागलं, मी शेजारच्या काकूंना घरात घेईना, पोराला फुल बाह्यांचे शर्ट घालायला लागले. भर मे महिन्यात.

एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14, मालक दुरुस्ती करत नसेल तर किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, तरी नाही केली तर आपण करून भाड्यातून वळते करायचे, तेही वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण ढेकूण मारणं दुरुस्तीत बसतं का यावर तीच हसली, वर म्हणाली तुमचं 11 महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स आहे, म्हणजे तुम्ही भाडेकरू पण धड नाही. धन्य.

मग तुम्ही आलात, आणि माझ्या बेडचा स्क्रू मला न विचारता काढायचा नाही म्हणून ओनर काका पण आले. तुम्ही पंप बाजूलाच ठेवलात. आधी आमच्या गाद्या उलट्यापालट्या करून शिवणी बघितल्या, दोन-चार सापडले. काका लगेच म्हणाले, बघा, मी काय म्हणत होतो. तुम्ही काहीच बोलला नाहीत, स्क्रू काढलेत आणि फळी पुढे ओढलीत. मी ते आयुष्यात विसरणार नाही. फटीफटीत सुकलेल्या कातींचा थर, अगदी भाताच्या तुसासारखा, आणि मागच्या भिंतीला जुना पिवळट रंग, कारण रंगाऱ्याने बेड न हलवता भोवतीनेच ब्रश फिरवलेला. त्या पिवळ्यावर ढेकणांच्या विष्ठेचे काळे ठिपके, शेकड्याने. तुम्ही टॉर्च तिरका धरून कडेला बोट लावलंत, जिथे नवीन पांढरा रंग थोडा आत गेला होता. तिथे ठिपके पांढऱ्याच्या खाली होते. नखाने रंगाचा पापुद्रा काढलात आणि खालून ठिपका निघाला.

"काका, रंग तुम्ही दिला का यांनी?"

बस्स, एवढंच विचारलंत, आवाज पण चढवला नाहीत.

काका म्हणाले दोन महिने घर बंद होतं, उपाशी मेले नसते का. तुम्ही म्हणालात की नाही मरत, रक्त न पिता कित्येक महिने काढतात, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत पाच वेळा कात टाकतं, एवढा थर पंधरा दिवसांत साचत नाही. काका पाच मिनिटं गॅलरीत जाऊन उभे राहिले. परत येऊन म्हणाले, किती होतील ते मला सांगा. दोन फवारण्यांचे 2200 त्यांनीच दिले, माझ्याकडे न बघता, पण दिले.

दुसरी फवारणी कशाला असं मी विचारलं तेव्हा अंडी औषधाला दाद देत नाहीत, ती फुटू द्यायची आणि दोन आठवड्यांनी परत मारायचं, हे तुम्ही नीट समजावलंत. गाद्या फेकू नका, चादरी-अभ्रे कढत पाण्यात घाला, रॉकेल आणि फिनेल मारत बसू नका नाहीतर हॉलमध्ये पळतील, हे पण. सगळं केलं.

पण मला आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. काका खाली गेल्यावर मी उगाचच म्हणत होते की आम्ही घर स्वच्छ ठेवतो हो, तेव्हा तुम्ही पंप भरता भरता म्हणालात, "ताई, झुरळाला खरकटं लागतं, ढेकणाला फक्त माणूस लागतो. बंगल्यांत पण मारलेत मी." तुम्ही सहज बोललात, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पोहे त्यामुळेच खारट झाले होते, तुम्ही काही न बोलता संपवलेत.

दुसऱ्या फवारणीला आता दीड महिना झाला. रोज रात्री टॉर्च लावून शिवणी बघते, काही नाही. पोरगा हाफ बनियनवर झोपतो. रविवारी आई येतेय परभणीहून, तिला त्याच बेडवर झोपवणार आहे आणि काही सांगणार नाहीये.

तो पिवळ्या मुठीचा छोटा स्क्रू ड्रायव्हर फ्रिजवर ठेवलाय. या बाजूला काम निघालं तर वर या, पोहे परत करीन, मीठ बघून.

दुसऱ्या मजल्यावरची ताई