पेटीवाल्या मास्तरांना, उपकारस्तुतीच्या गाण्यानिमित्त

आदरणीय मास्तर,
जय ख्रिस्त.

समोर बसून आभार मानले की तुम्ही पेटीचा भाता बंद करता आणि चहाचं विचारता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमक्ष लिहिते आहे; आता विषय बदलता येणार नाही.

कविता करण्याची हौस मला संडे स्कूलपासूनची. पण चर्चच्या उपासनेत सगळ्या मंडळीनं गावं असं गीत लिहिणं ही वेगळी विद्या, आणि ती मला तुमच्याकडून मिळाली. मी कागद पुढे केला की तुम्ही तो वाचायचा नाहीत. ‘म्हणा’, एवढंच. मी म्हणायचे, तुम्ही मांडीवर ठेका धरायचात आणि जिथे माझा दम तुटेल तिथे पेन्सिलीची खूण करायचात. कडव्याचा निकाल त्या खुणांवर. शेवटच्या बाकावरच्या, अक्षरओळख नसलेल्या आजीच्या तोंडी दुसऱ्या वेळेला ओळ बसली पाहिजे, ही तुमची कसोटी. चांगली प्रतिमा, अवघड यमक, यांचं तुम्हाला कधीच कौतुक वाटलं नाही. (मला अजूनही थोडं वाटतं.)

‘करुणा’वरून आपली रंगलेली बैठक आठवते? त्यातला ‘रु’ ऱ्हस्व. त्याच्यावर लांब सूर आला की सगळं गायन मंडळ ‘करूऽऽणा’ म्हणणार, आणि मराठी कानाला ते खटकणारच. इंग्रजी चालींवर बसवलेल्या कितीतरी गीतांत हे होतं, कारण चाल आधी ठरलेली आणि शब्द मागून येऊन त्यात कोंबलेले. त्या चालींशी तुमचं वैर मात्र नाही. नाताळात त्या सगळ्यात जोरात वाजवता तुम्हीच. पण माझ्या गाण्याला तुम्ही दादरा ताल दिलात. सहा मात्रांत शब्द आपोआप झुलायला लागले, आणि टाळ्या पडायच्या जागा कोणाला सांगाव्याच लागल्या नाहीत.

नगरात (आताच्या अहिल्यानगरात) राहून ख्रिस्ती गीत लिहायचं म्हणजे रेव्हरंड टिळकांच्या अंगणात उभं राहून गायचं. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही नारायण वामन टिळकांनी अभंग सोडला नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्यांच्याही कितीतरी आधी, 1616 मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्सनं ख्रिस्तपुराण ओवीतच रचलं होतं. हे सगळं मला पाठ होतं, आणि त्यामुळेच हात थिजायचा. तुम्ही ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक माझ्यापुढे उघडून ठेवलंत आणि म्हणालात, “टिळकांनी त्यांच्या मंडळीसाठी लिहिलं. आपल्या मंडळीत आज कोण बसतं ते बघा.”

मास्तर, खरं ऋण या एका वाक्याचं आहे. मी बघायला लागले. उपकारस्तुतीच्या रविवारी, म्हणजे पिकापाण्यासाठी देवाचे आभार मानायच्या दिवशी, वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना संपली की त्यांचा लिलाव आणि हशा. त्याच गर्दीत पहिल्या बाकावर कालच दफनविधी उरकून आलेलं घर. आणि पाऊस न झाल्यामुळे रिकाम्या हातानं आलेलाही कोणीतरी. “या सगळ्यांना एकच आनंदाचं गाणं म्हणता आलं पाहिजे,” तुम्ही म्हणालात. मला ते अशक्य वाटलं. तेव्हा तुम्ही बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं तेरावं स्तोत्र काढायला लावलंत. सहाच वचनं. सुरुवातीला दावीद ‘किती काळ?’ असं पुन्हा पुन्हा विचारतो, आणि शेवटच्या वचनात गातो. मधे त्याची परिस्थिती बदलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे प्रेषित पौलानं लिहिलं तेही बंदिवासातून.

त्या दिवसापासून माझ्या गाण्यांतून ‘मन माझे आनंदले’ छापाच्या ओळी गेल्या. मन आनंदलंय की नाही हे गाणाऱ्याचं त्याला माहीत. मी त्याच्या तोंडी ते का घालावं? त्याऐवजी देवानं काय केलं ते लिहायचं: रान दिलं, पेरणाऱ्याला बी दिलं, थडग्यावरची धोंड लोटली. रडणाराही हे म्हणू शकतो, कारण ते त्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नाही. नुसती उसळती चाल आणि वर ‘हालेलूया’ची रेलचेल, याला हल्ली आनंदाची भक्ती म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. हे मत माझं आहे, पाळकसाहेबांनी तुम्हाला जबाबदार धरू नये.

तुमची आणखी एक गोष्ट नोंदवायचीच आहे. गाणं बसलं की तुम्ही त्याची पट्टी खाली आणायचात. गायन मंडळाच्या मुली कुरकुरायच्या, त्यांना वरचा सूर लावून दाखवायचा असे. तुम्ही बधला नाहीत. पुरुषांच्या बाजूचे ते कायम गप्प बसणारे काका दुसऱ्या कडव्यापासून गायला लागले, ते केवळ त्यामुळे.

तर मास्तर, मनापासून आभार. वेळेचे, पेन्सिलीचे, आणि मला कधी ‘वा!’ न म्हटल्याचेही.

यंदाच्या उपकारस्तुतीसाठी नवं गीत झालं आहे, चार कडव्यांचं. तिसऱ्यात विहिरीची ओळ आहे, ती दादऱ्यात एका मात्रेनं सांडते, आणि मला ती ओळ सोडवत नाही. रविवारी उपासनेनंतर थांबते. तबल्यासाठी तुमच्या नातवालाही बोलावून ठेवा.

ख्रिस्तात तुमची,
गायन मंडळातली एक गीतकार