मोटरहोमच्या गिझरमधील सुरक्षा स्विच बायपास करून दुरुस्ती ‘पूर्ण’ दाखवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: गिझरची चुकीची दुरुस्ती, हाय-लिमिट कटऑफ (पाणी अति तापल्यास गॅस तोडणारा सुरक्षा स्विच) टाळून त्याच्या वायरी जंपरने, म्हणजे वायरच्या तुकड्याने, थेट जोडून ठेवणे आणि तक्रार परस्पर बंद करणे

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा, गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणारा गिझर आमच्या मोटरहोममध्ये बसवलेला आहे. त्याबद्दलची माझी तक्रार आपल्याकडे ‘निवारण झाले’ असा शेरा मारून बंद केलेली दिसते. निवारण झालेले नाही. आपल्या माणसाचा हात लागण्याआधी हा गिझर नुसता बंद पडत होता, आता तो धोकादायक झाला आहे. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. आपल्या तांत्रिक विभागातील जाणत्या माणसाने ते शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

मूळ बिघाड असा होता. गॅसवर लावला की बर्नर पेटायचा, स्वच्छ निळी ज्योत दिसायची आणि थोड्याच वेळात ती झपकन विझायची. मग कंट्रोल बोर्ड, म्हणजे ठिणगी आणि गॅस सांभाळणारे सर्किट, पुन्हा प्रयत्न करायचा. ठिणगीची टिकटिक ऐकू यायची, पण गॅसचा व्हॉल्व्ह उघडताना जो ‘टक्’ आवाज येतो तो काही यायचा नाही. प्रयत्न संपले की लाल दिवा आणि लॉकआउट, म्हणजे गिझर स्वतःहून बंद. गिझर निवू दिला की पुन्हा पेटायचा आणि पुन्हा विझायचा. विजेवर मात्र पाणी व्यवस्थित तापत होते.

व्हॉल्व्हचा आवाज येत नाही, ही गोष्ट मी अगदी पहिल्या फोनपासून सांगत आले आहे. ती कोणीही लिहून घेतली नाही आणि माझी सगळ्यात मोठी तक्रार तीच आहे. या गिझरमध्ये ठिणगी देणारा इलेक्ट्रोडच ज्योत पेटली की नाही हेही ओळखतो. ज्योतीतून अगदी सूक्ष्म, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका विद्युतप्रवाह वाहतो आणि तो जाणवला नाही तर बोर्ड गॅस बंद करतो. इलेक्ट्रोडला चीर गेली असेल, त्याची फट बिघडली असेल किंवा बर्नरचे अर्थिंग गंजले असेल, तर ज्योत पेटूनही बोर्डाला ती ‘दिसत’ नाही. पण तसे असते तर दर प्रयत्नाला व्हॉल्व्ह उघडला असता, दर वेळी ज्योत पेटली असती आणि मग विझली असती. आमच्याकडे दुसऱ्या प्रयत्नापासून व्हॉल्व्हच उघडत नव्हता. म्हणजे एकतर बोर्ड व्हॉल्व्हला वीज पाठवत नव्हता, किंवा बोर्डाने पाठवलेली वीज वाटेत तुटत होती. त्या वाटेवर आहे हाय-लिमिट कटऑफ. मल्टिमीटरची एक टोचणी कटऑफच्या अलीकडे आणि मग पलीकडे लावली असती, तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. अलीकडे १२ व्होल्ट आणि पलीकडे शून्य, तर दोष कटऑफचा. अलीकडेही शून्य, तर बोर्डाचा किंवा त्याआधीच्या वायरिंगचा.

हे मोजमाप झाले नाही. त्याऐवजी फोनवर मला दर वेळी नव्या माणसाकडून तेच प्रश्न विचारले गेले. टाकीत पाणी भरले आहे का? बायपास व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे का? बॅटरी उतरली आहे का? हे प्रश्न विचारण्याला माझी हरकत नाही. कोरड्या टाकीत गिझर लावणारे लोक असतील आणि त्यांची कॉइल त्यात जळतही असेल. पण बायपास उघडा राहिला तर गरम पाण्यात थंड मिसळून नळाला कोमट पाणी येते, त्याने बर्नर विझत नाही. बॅटरीचे म्हणाल, तर ठिणगी चालू असताना बोर्डाच्या टर्मिनलवर मी स्वतः व्होल्टेज मोजले होते आणि ते १२च्या खाली गेले नव्हते. हा आकडा मी तिघांना सांगितला. तरी पहिल्या भेटीच्या जॉब कार्डवर ‘बॅटरी कमजोर’ असेच लिहिले गेले.

पुढच्या भेटीत बोर्ड बदलला. नवीन बोर्डावर गिझर एकदा पेटला तेवढ्यावर काम पूर्ण झाल्याची सही घेतली गेली. गाडी रस्त्याला लागल्यावर पुन्हा तेच. मग आणखी एक बोर्ड. गॅसचा दाब एकदाही मॅनोमीटर (दाब मोजायचे साधन) लावून पाहिला नाही. आपल्याच माहितीपत्रकात हा दाब ११ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) असावा असे छापले आहे, आणि तो शेगडी व इतर उपकरणे चालू ठेवून मोजावा लागतो, कारण नुसता बंद लाइनमधला दाब ठीक दिसला म्हणून गॅस वाहत असतानाही तो टिकेल असे नाही. बर्नरच्या नळीत कोळ्याचे जाळे आहे का, हेही कोणी पाहिले नाही. गॅसच्या वासाकडे कोळी ओढले जातात आणि या नळ्यांत घर करतात, हे मोटरहोम बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. नळी मीच साफ केली. त्यात किरकोळ धूळ होती आणि ज्योत आधीपासून निळीच असल्याने तिथे दोष नव्हता. पण बघायला तर हवे होते.

आता मुख्य मुद्दा. शेवटच्या भेटीत टेक्निशियन बाहेरच्या झाकणापाशी बराच वेळ बसले होते. नंतर “झाला चालू” असे सांगून ते गेले. गिझर खरोखर चालू झाला, न विझता. आम्हाला बरे वाटले. त्यानंतर मी बाहेरचे झाकण उघडले तेव्हा आत एक पिवळी वायर दिसली, बोटभर लांबीची, जी आपल्या वायरिंगच्या आकृतीत कुठेच नाही. हाय-लिमिट कटऑफची दोन्ही कनेक्शन काढून या तुकड्याने थेट एकमेकांना जोडली होती. कटऑफ टाकीला चिकटून जागच्या जागी बसलेला, पण वायरी जोडायच्या त्याच्या दोन्ही पात्या उघड्या. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे ठाकठीक वाटावे असे. फोटो सोबत जोडले आहेत.

हा कटऑफ कशासाठी असतो ते आपल्याला सांगायला नको, पण आपल्या ग्राहक सेवेतील व्यक्तीने “चालतोय ना मग?” असे विचारले म्हणून लिहिते. थर्मोस्टॅट पाणी साधारण ६० अंश सेल्सिअसला थांबवतो. थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटून तो उघडलाच नाही, तर ८० अंशांच्या आसपास कटऑफ व्हॉल्व्हची वीज तोडतो. त्यानंतर उरतो फक्त प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, जो ९९ अंशांना किंवा १५० पीएसआय दाबाला उघडतो आणि उकळते पाणी व वाफ गाडीच्या बाजूने बाहेर फेकतो. गाडी उभी असताना लोक ज्या बाजूला खुर्च्या टाकून बसतात, त्याच बाजूला आमच्या गाडीत ते तोंड आहे. ६० अंशांचे पाणीसुद्धा काही सेकंदांत कातडी भाजते. आमच्याबरोबर माझी वयस्कर आई आणि लहान मुलगा प्रवास करतात. आईच्या हाताला गरम पाण्याचा चटका पटकन कळत नाही. मधला राखणदार काढून टाकलेला गिझर आम्ही निर्धास्तपणे वापरत होतो आणि हे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

तपासणी करताना क्षणभर जंपर लावून दोष कुठे आहे ते पाहणे मी समजू शकते. ती तपासाची पद्धत आहे. पण दोष सापडल्यावर जंपर काढून नवीन कटऑफ बसवायचा असतो. इथे दोष सापडला होता, म्हणजे आपल्या माणसाला तो नक्की कळला होता, आणि तरीही जॉब कार्डवर ‘बोर्ड बदलला, गिझर चालू’ एवढेच लिहिले आहे. कटऑफचा उल्लेखसुद्धा नाही. दोन बोर्डांचे पैसे मात्र आकारले आहेत.

जंपर मी काढला आहे. गॅस बंद करून, टाकी पूर्ण निवल्यावर कटऑफ मल्टिमीटरवर तपासला. थंड अवस्थेत तो जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा. तो तसे दाखवतो, पण एका पातीवर बोटाने हलके दाबले की सर्किट तुटते आणि बोट उचलले की पुन्हा जुळते. पातीचा रिव्हेट आतून सैल झाला आहे. रीसेटचे बटण दाबल्यावरही काही आवाज आला नाही, म्हणजे तो जास्त तापून ट्रिप झालेलाच नव्हता. बर्नरची पेटी थोडी तापली की हा सैल जोड सुटायचा आणि निवली की पुन्हा बसायचा. पहिल्या दिवसापासून दिसणाऱ्या प्रत्येक लक्षणाचा उलगडा यातून होतो. घरातल्या भिंतीवरच्या गिझरला रस्त्याचे हादरे बसत नाहीत. मोटरहोममधल्या गिझरला रोज बसतात, शिवाय त्याची वायरिंगची बाजू झाकणाच्या फटींतून धूळ आणि दमट हवा खाते. अशा गिझरच्या दुरुस्तीची सुरुवात कनेक्टर आणि जोड हलवून बघण्यापासून व्हायला हवी. मी भाग बनवणारी नाही, फक्त वापरणारी आहे. मला जे एका साध्या मीटरवर दिसले ते आपल्या प्रशिक्षित माणसांना दिसायला अवघड नव्हते.

माझी मागणी अशी आहे. थर्मोस्टॅट आणि कटऑफ ही जोडी आपण नवीन, मूळ बनावटीची आणि विनामूल्य बसवून द्यावी. ते काम त्याच टेक्निशियनकडे देऊ नये. बसवल्यावर गॅसचा दाब इतर उपकरणे चालू असताना मोजावा, इलेक्ट्रोडची फट आणि बर्नरचे अर्थिंग तपासावे, थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो ते थर्मामीटर लावून पाहावे आणि हे सगळे आकडे जॉब कार्डवर लिहून त्याची प्रत मला द्यावी. आकड्यांशिवायच्या ‘ओके’ला मी आता सही करणार नाही. काढलेल्या दोन बोर्डांत दोष होता याचा काही पुरावा आपल्याकडे असेल तर तो पाठवावा, नसेल तर त्यांचे पैसे परत करावेत. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडून तिच्यावर खरे कारण नोंदवावे.

याहून महत्त्वाचे म्हणजे, याच टेक्निशियनने दुरुस्त केलेल्या इतर गिझरची यादी आपल्याकडे असणारच. ‘बोर्ड बदलून चालू’ असा शेरा असलेल्या प्रत्येक ग्राहकाला आपण आजच फोन करावा, गॅसवर गिझर लावू नका असे सांगावे आणि माणूस पाठवून कटऑफ तपासून घ्यावा. त्यांच्यापैकी किती जण झाकण उघडून बघणार आहेत? हे काम झाल्याचे मला लेखी कळवावे. माझी दुरुस्ती आठवडाभर मागे पडली तरी चालेल, हे आधी करा.

तोवर आमच्या गिझरची गॅसची चावी बंद आहे आणि आम्ही तो फक्त विजेवर वापरत आहोत, कारण विजेच्या कॉइलचा थर्मोस्टॅट आणि कटऑफ वेगळे आहेत व ते मी तपासले आहेत. काढलेली जंपर वायर जपून ठेवली आहे. ती आपल्या प्रतिनिधीला दाखवीन, पण ताब्यात देणार नाही. गिझरचा अनुक्रमांक, सर्व जॉब कार्डांच्या प्रती, बिले आणि फोटो सोबत आहेत. उत्तर लेखी हवे, फोनवर नको.

आपली विश्वासू,
(नाव व पत्ता सोबतच्या बिलावर आहे)