मोठ्या नावांआड राहिलेला लीस्टनचा कारखाना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाफेच्या यंत्रांचा इतिहास आपल्याकडे बहुधा जेम्स वॅट आणि जॉर्ज स्टीफन्सन यांच्यापाशीच संपतो, आणि टप्प्याटप्प्याने जुळणी करत माल तयार करण्याच्या पद्धतीचे सगळे श्रेय हेन्री फोर्ड यांच्या १९१३च्या कारखान्याला दिले जाते. इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या लीस्टन या लहानशा गावच्या गॅरेट कारखान्याची हकिकत पाहिली, तर हे चित्र अपुरे ठरते.

१७७८ साली रिचर्ड गॅरेट या लोहाराने तेथे विळे आणि शेतीची अवजारे घडवायला सुरुवात केली. त्याच्या नातवाने, म्हणजे तिसऱ्या रिचर्डने, १८५१चे लंडनचे भव्य प्रदर्शन पाहिल्यानंतर ‘लाँग शॉप’ ही प्रशस्त कार्यशाळा उभारली. तेथे तयार होणारे इंजिन स्वतः चालत नसे. घोडे ते एका शेतावरून दुसऱ्या शेतावर ओढत नेत आणि मग पट्टा जोडून त्यावर मळणीयंत्र फिरवले जाई. अशा इंजिनाचा बॉयलर इमारतीच्या एका टोकाने आत येई, मधल्या मोकळ्या जागेतून पुढे पुढे सरके, दोन्ही बाजूंना व वरच्या लाकडी सज्जांवर घडवलेले सुटे भाग वाटेत त्याला बसवले जात आणि दुसऱ्या टोकाने पूर्ण इंजिन बाहेर पडे. फोर्ड यांच्या आधी साठ वर्षे हे एका खेड्यात घडत होते, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांतही हवी, असे मला मनापासून वाटते. गावकरी त्या उंच इमारतीला ‘कॅथेड्रल’ म्हणत, यात नवल नाही.

या घराण्याचा एक धागा महाराष्ट्रापर्यंतही येतो. तिसऱ्या रिचर्डचा धाकटा भाऊ न्यूसन याची कन्या एलिझाबेथ गॅरेट अँडरसन हिने वडिलांच्या भक्कम पाठिंब्यावर १८६५ मध्ये वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळवला, आणि पुढे लंडनच्या ज्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची ती प्रमुख होती, तेथेच आपल्या डॉ. रखमाबाईंनी शिक्षण घेतले.

कारखाना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडला. लाँग शॉपमध्ये आता संग्रहालय आहे. आपल्या विज्ञान पुरवणीत अशा ग्रामीण कारखान्यांवर सविस्तर लेख यावेत आणि त्यांत यंत्राच्या रचनेइतकेच ते घडवण्याच्या पद्धतीलाही स्थान मिळावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली