निघण्याआधी ओंकारच्या दातांचं बघा

ब्रॅम्प्टन, ऑन्टारियो

ती. दादा आणि सौ. वहिनी,
साष्टांग नमस्कार.

ओंकार आणि अमृता उन्हाळ्यात इकडे कॅनडात राहायला येणार, तर बॅगा भरायच्या आधी दोघांचे दात नाशकातच दाखवून घ्या. दादा, तू फोनवर म्हणालास, "तिकडे डॉक्टर फुकट, मग दातांची कसली काळजी?" नेमकी इथेच नव्या माणसाची गफलत होते. १९८४ च्या कॅनडा हेल्थ ॲक्टमध्ये डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं. दातांचं म्हणशील तर हॉस्पिटलातच करावी लागेल अशी शस्त्रक्रिया तेवढी. बाकी सगळं खिशातून, नाहीतर नोकरीतल्या विम्यातून. ज्याला दोन्ही जमत नाही तो दाढ ठणकली की इमर्जन्सीत जाऊन बसतो. तिथे अँटिबायोटिक आणि वेदनाशामक गोळ्या देतात, सूज उतरते, पण किडलेली दाढ तशीच राहते आणि ठणका परत येतो.

आता केंद्र सरकारची कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन ही योजना आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वांत वयस्कर लोकांपासून नोंदणी सुरू झाली, मे २०२४ पासून उपचार मिळू लागले. १८ ते ६४ वयाच्या लोकांची पाळी मात्र मे २०२५ मध्ये आली. आमच्या क्लिनिकमध्ये विम्याची कामं माझ्याकडे असतात, म्हणून सांगते: योजना मनापासून चांगली आहे, पण तिचं दार टॅक्सच्या कागदातून उघडतं. कुटुंबाचं निव्वळ उत्पन्न ९०,००० डॉलरच्या आत हवं आणि आदल्या वर्षाचा टॅक्स रिटर्न भरून त्याची असेसमेंट नोटीस, म्हणजे रिटर्न तपासून टॅक्स खातं पाठवतं ते पत्र, हातात हवी. नवरा-बायको दोघांचीही. ओंकार यंदा आला की यंदाचा रिटर्न पुढच्या वर्षी भरणार, मग नोटीस येणार, मग अर्ज, मग मंजुरी. म्हणजे पहिलं वर्षभर तरी या योजनेचा आधार धरू नका. अमृताला पगार नसला तरी तिने शून्य उत्पन्नाचा रिटर्न भरायचाच. नेमका तो राहून जातो आणि दोघांचाही अर्ज अडतो.

दुसरी अट नोकरीची. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नोकरीतून दातांचा विमा मिळू शकत असेल, तर योजना बंद. मिळत असून नाकारला तरी बंद! टी-४ स्लिप म्हणजे मालक दरवर्षी देतो तो पगाराचा दाखला; तिच्या ४५ नंबरच्या चौकटीत तो आकडा टाकतो. १ असेल तर विमा उपलब्ध नव्हता असा अर्थ. गोदामातल्या मुलांना कधीकधी वर्षाला जेमतेम काहीशे डॉलर देणारा विमा देऊ करतात. तो घेतला तर अपुरा, सोडला तर सरकारी योजनाही गेली. कमी पगाराच्या माणसावर हा सरळसरळ अन्याय आहे असं मला वाटतं. ओंकारने नोकरीच्या कागदावर सही करण्याआधी हे विचारून घ्यावं.

कार्ड हातात आलं तरी सगळं फुकट नाही. समजा क्लिनिकचा दर २०० डॉलर आणि योजनेचा त्याच कामाचा दर १७०. उत्पन्न ७०,००० च्या खाली असेल तर योजना १७० देते, वरचे ३० क्लिनिक तुमच्याकडून मागू शकतं. उत्पन्न ७० ते ८० हजारांच्या मधलं असेल तर १७० चे ४० टक्के तुम्ही भरायचे, म्हणजे ६८, शिवाय ते ३०. खिशातून ९८ गेले. ८० ते ९० हजारांत ४० च्या जागी ६० टक्के. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच दोन प्रश्न विचारायचे: ही योजना घेता का, आणि दरातला फरक किती लावता? क्लिनिक थेट सन लाइफकडे, म्हणजे योजनेची बिलं बघणाऱ्या विमा कंपनीकडे, बिल पाठवतं. कव्हरेज सुरू व्हायच्या तारखेआधी केलेल्या कामाचा एक डॉलरही मिळत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. ते चुकलं की कव्हरेज ३० जूनला संपतं.

कॅपचं प्रकरण नीट ऐका. साध्या रूट कॅनालला आधी परवानगी लागत नाही, कॅपला लागते. एक्स-रे आणि हिरड्यांच्या नोंदी जोडून हा अर्ज दंतवैद्यानेच करायचा असतो, आणि तो नाकारला जाऊ शकतो. मग रूट कॅनाल झालेली दाढ कॅपविना राहते, चावताना तडकू शकते आणि कधी शेवटी काढावीही लागते. म्हणून रूट कॅनालला बसण्याआधीच कॅपचं काय, ते विचारायचं. इम्प्लांट तर योजनेत नाहीच.

तेव्हा तिकडेच काय करायचं ते सांगते. निघायच्या दोन महिने आधी दोघांचा ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, काढा. ओंकारची जी दाढ थंडाने शिवशिवते ती आधी दाखवा. रूट कॅनाल लागलं तर कॅपही तिकडेच बसवून घ्या, लॅबमधून कॅप यायला दिवस लागतात. अक्कलदाढ आडवी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्या, तिकिटाच्या आठवड्यात काढू नका. एक्स-रे आणि केलेल्या कामाची टिपणं पेनड्राइव्हवर घ्या, म्हणजे इथल्या दंतवैद्याला आधी काय झालंय ते कळेल.

तरीही पहिल्या वर्षात काही झालंच, तर टोरंटो युनिव्हर्सिटीच्या डेंटल कॉलेजात विद्यार्थी देखरेखीखाली कमी दरात काम करतात. वेळ जास्त लागतो, पण काम नीट होतं.

हे पत्र ओंकारलाही वाचायला द्या. शंका असतील तर रविवारी फोन करा, मी घरीच असते.

तुमची,
सुनीता